गोरखपूर काय परदेश हाय का?

मा. संपादकसाहेब,
स.न.वि.वि.

पेपरला पत्र लिहायची माझी पहिलीच वेळ, त्यामुळं जरा लांबलं तर सांभाळून घ्या. जागा नसेल तर कुठंही काटा, पण खाली वतनाचं जे लिहिलंय ते तेवढं राहू द्या.

दिवाळीच्या तोंडावर तुमच्या अंकात आतल्या पानावर मिरज स्टेशनचा फोटो होता, धनबादच्या गाडीला ही गर्दी, पोरं खिडकीतनं पिशव्या आत टाकतायत, आणि वर ठळक अक्षरात हेडिंग, ‘परप्रांतीय मजूर निघाले मायदेशी’. आता असल्या हेडिंगवरनं आपण रोज डोळे फिरवतो, मीपण फिरवलेच असते. पण त्या वेळी आमच्या घराच्या वरच्या मजल्याचं काम चालू होतं आणि फरशी बसवायला गोरखपूरकडचे दोघंजण येत होते. त्यातला थोरला सकाळी चहाच्या वेळी पायरीवर बसून पेपर चाळतो, लिपी तीच असल्यामुळं त्याला वाचता येतं, निम्मं कळतं निम्मं आमच्याकडनं विचारून घेतो. त्यानं त्या हेडिंगवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "सेठ, ये माय देशी क्या है? दारू की दुकान?"

मी हसून हसून बेजार. त्याचीपण चूक नाही, त्याला देशी हा शब्द माहीत कुठनं, तर ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ ह्या बोर्डावरनं. मग मी त्याला समजावलं की माय याने माँ, माँ का देश, तुम लोग छठ के लिए जाते हो ना वो. त्यानं बोटाला लागलेलं सफेद सिमेंट पँटीला पुसलं, पुन्हा एकदा हेडिंग बघितलं आणि म्हणाला, "देश तो यही है ना सेठ. हम तो मुलुक जाते हैं."

आणि कप ठेवून वर कामाला गेला. मी मात्र दिवसभर तिथंच अडकलो, कारण ह्या माणसाचं मराठी आपल्यापेक्षा चांगलं निघालं की हो!

मुलूख हा आपलाच शब्द आहे, आला अरबीतनं पण आता घरचाच झालाय. आपण तो घरासाठी वापरायचाच सोडला. आता मराठीत मुलूख उरलाय तो शिव्या द्यायला, मुलखाचा लबाड, मुलखाचा आळशी, नायतर कुणी जरा वेगळं वागलं की मुलखावेगळा, आणि शाळेत इतिहासाच्या पेपरात मुलुखगिरी. सरळ साधं "मी मुलखाला चाललोय" असं आपल्यातलं कोण म्हणतंय आता? म्हणतो तो गोरखपूरचा गडी, आणि आपण त्याच्या मुलखाला मायदेश म्हणून त्याला एका फटक्यात परदेशी करून टाकतो. युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा २०२२ ला आपली मेडिकलची पोरं विमानानं परत आणली, त्याला मायदेशी परतले म्हणा ना, शंभर टक्के बरोबर आहे. दुबईवरनं, अमेरिकेतनं कोण आलं त्याला म्हणा. मिरजेत गाडीत बसून गोरखपूरला उतरणारा माणूस कुठली बॉर्डर ओलांडतो सांगा बरं मला.

मला हे इतकं का लागलं त्याला कारण आहे. आम्ही गलाईवाले. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव ह्या भागात हे सांगायची गरज नाही, दर चार घरांमागं एक घर सोनं-चांदीची आटणी करायला देशभर कुठंतरी गेलेलं असतं, केरळापासनं आसामपर्यंत. आमचे वडील १९७२ च्या दुष्काळात सेलमला गेले, तामिळनाडूत. विहिरी आटल्या, जनावरं दावणीला मरायला लागली, तेव्हा चुलत्यांच्या मागनं रेल्वेत बसले ते तिथंच राहिले. दहा बाय बाराचं दुकान, एका कोपऱ्यात भट्टी, मूस, टाकणखार, तेजाबाचा तो पिवळट धूर जो कपड्यातनं आठ आठ दिवस जात नाही, आणि पोटमाळ्यावर गावाकडनं आणलेली तीन पोरं झोपायला. मीपण दहावीनंतर तिथंच, आणि २०११ ला सगळं आवरून परत विट्याला आलो.

तर सेलमला गिऱ्हाईक जुनं सोनं घेऊन आलं की टंच, म्हंजे सोन्याचा कस, निघेपर्यंत टाईमपास म्हणून एक प्रश्न ठरलेला, "सोंद ऊर एदु?" म्हंजे तुमचं स्वतःचं गाव कुठलं. ऊर म्हंजे गाव. देश नाही, राज्य नाही, गाव. (आपल्या जत तालुक्यात कानडी बोलणारी मंडळी पण हेच विचारतात, ऊरु कुठलं म्हणून.) मी म्हणायचो विटा, महाराष्ट्रा. त्यांना विटा कळायचं नाही, बॉम्बे का म्हणायचे, मी हो म्हणायचो, कोण भूगोल शिकवत बसणार. आणि त्यांच्यातले इंग्लिश बोलणारे विचारायचे नेटिव कुठलं, सुट्टीला नेटिवला जाणार का. आता बघा, गोरा साहेब आपल्याला नेटिव म्हणायचा ती शिवी होती, आणि आता आपण सगळे हौसेनं नेटिवला जातो, मुंबईतलेपण म्हणतात. शब्दाचा असा टंच कधी वर कधी खाली.

हे सगळं चांगलंच होतं. वाईट एवढंच की अलीकडं तिकडं सगळ्या बाहेरच्यांना मिळून एक शब्द निघाला, वडक्कन, म्हंजे उत्तरेकडचा. आम्हीपण त्यात. पुण्याच्या खाली, कृष्णाकाठच्या जिल्ह्यातला माणूस आणि म्हणे उत्तरेचा! आमच्या घरानं चाळीस वर्षं ज्या गल्लीत काढली त्या गल्लीत एक दिवस दुधवाल्याच्या तोंडनं तो शब्द ऐकला, तो माझ्याबद्दल बोलतच नव्हता, बिहारच्या पोरांबद्दल बोलत होता, तरी पोटात कायतरी झालं. एखाद्या सेलमच्या पेपरानं आमची दसऱ्याला विट्याच्या पालख्या बघायला निघालेली गाडी बघून ‘वडक्कन निघाले आपापल्या देशाला’ असं छापलं असतं तर आम्हाला कसं वाटलं असतं?

बरं आता देश. तुम्ही म्हणाल देश म्हंजे देश, त्यात काय. माझी मामी चिपळूणची, कऱ्हाडला दिलेली. ती म्हातारी होईपर्यंत म्हणायची, "मला देशावर दिली". कुंभार्ली घाट चढून वर आलं की तिच्या लेखी देश लागला. तिला इथं भाताऐवजी भाकरी, नारळाऐवजी शेंगदाण्याचं कूट, आणि पाऊस म्हंजे नुसता शिडकावा असं वाटायचं आणि ती ते सगळं देश ह्या एकाच शब्दात सांगायची, "देशावर असंच असतं बाई". म्हंजे आपण सातारा-सांगलीवाले मुळात देशावरचेच, आपल्या तालुक्यांचंच नाव देश आहे, दिल्लीचा संबंध नाही. देशमुख, देशपांडे ह्या आडनावातला देश तर त्याहून बारका, एक परगणा, काही गावांचा मिळून. महाराष्ट्र ह्या नावात तर अख्खं राष्ट्रच घालून ठेवलंय. तामिळ लोकांचं पण तेच, नाडु म्हंजे देश, आणि मद्रास राज्याचं तमिळनाडु असं नाव १९६९ ला झालं तेव्हा कुणी म्हणालं नाही की हा वेगळा देश निघाला. आणि उलट्या बाजूनं परदेशी हे आडनाव बघा. माझ्या वर्गात एक परदेशी होता, त्याचे पूर्वज कधीकाळी उत्तरेकडनं आलेले, पिढ्यान्‌पिढ्या इथं, त्याचं मराठी आमच्या सगळ्यांपेक्षा चोख, निबंधात पहिला नंबर, आणि हजेरीत रोज सकाळी गुरुजी ओरडायचे "परदेशी!" आणि हा म्हणायचा "हजर".

आणि देशाची हद्द तरी कुठं एका जागी थांबलीय. माझे आजोबा विट्याचे, म्हंजे सातारा जिल्हा, इंग्रजांची हद्द. त्यांची सख्खी बहीण कुंडलला दिलेली, ते औंध संस्थान. सायकलवर जाता येईल एवढं अंतर पण राज्य दुसरं, राजा दुसरा. पत्री सरकारच्या काळात, १९४३ ते ४६, इंग्रजांचे पोलीस मागं लागले की कार्यकर्ते औंधच्या हद्दीत जायचे, तिकडं पोलिसांना सरळ घुसता येत नसे. आजोबा सांगायचे की बहिणीकडं जाऊन आल्यावर पाटलाच्या चावडीत विचारणा व्हायची, कुठं गेलतास, कुणाला भेटलास. बहिणीला साडी-चोळी द्यायला गेलेला माणूस! १९४८ ला संस्थानं गेली. १९४९ ला आमचा भाग दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला, १९६० ला त्याचं सांगली झालं. आमचे वडील सातारा जिल्ह्यात जन्मले, दक्षिण सातारा जिल्ह्यात शाळेला गेले, सांगली जिल्ह्यात लग्न झालं, आणि घर एकाच जागेला, उंबरासुद्धा हालला नाही. अशा माणसाला विचारा तुझा मायदेश कुठला म्हणून, तो म्हणायचा, कंच्या सालातला?

एक गंमत सांगतो आणि मग मुद्द्यावर येतो. सातारच्या मिलिट्रीवाल्या गावांत, अपशिंग्याला वगैरे, घरटी फौजी आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, गावाच्या नावातच मिलिटरी आहे आणि पहिल्या महायुद्धात तिथली माणसं पार सातासमुद्रापलीकडं जाऊन मेली. त्या काळात आपल्याकडं विलायत म्हंजे साहेबाचा देश. मूळ शब्दाचा अर्थ साधा, प्रांत. आपण त्याला परका देश केलं, मग परकं ते सगळं विलायती, विलायती चिंच, विलायती बाभूळ. आणि इथल्या छावण्यांत राहिलेल्या गोऱ्या सोल्जरांनी आपल्या लोकांच्या तोंडचा तो विलायती शब्द उचलला, त्याचं ब्लायटी केलं, आणि खंदकात बसून घरची आठवण आली की ते म्हणायचे ब्लायटीला जायचंय. म्हंजे आपल्या तोंडी जो परदेश तोच त्यांच्या तोंडी मायदेश, शब्द एकच! मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत होतो, बायको म्हणाली पुरे आता.

आता वतन.

हिंदीवाल्यांचं वतन म्हंजे मायदेश. १५ ऑगस्टला चौकात सकाळी सातला स्पीकर लागतो आणि दुपारपर्यंत वतन वतन चालू असतं, चांगली गाणी आहेत, मलापण आवडतात. माझा एक शाळेतला दोस्त आहे, एसटीत कंडक्टर होता, आता रिटायर, बौद्ध वस्तीत राहतो. एका १५ ऑगस्टला आम्ही दोघं चौकात भजी खात उभे होतो आणि स्पीकरवर तेच चालू होतं, तर तो म्हणाला, "ह्यांना वतन पायजेय बघ, आमच्या म्हाताऱ्याचं घेऊन जावा म्हणावं."

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं सांगितलं. मराठीत वतन म्हंजे देश नव्हे, मराठीत वतन म्हंजे वंशपरंपरेचं काम आणि त्याबद्दलची जमीन. पाटलाचं वतन होतं, कुलकर्ण्याचं होतं, देशमुखाचं होतं, त्यांना ते मानाचं, त्यापायी भाऊबंदकीत मुडदे पडले. आणि महार वतन होतं. "आमच्या आज्याला वतन म्हंजे काय तर रात्री दोनला चावडीवरनं हाळी आली की उठायचं. साहेबाचं सामान पुढच्या गावाला पोचवायचं. सरकारी टपाल न्यायचं. पावसात, तापात. एकानं नाही म्हटलं तर सगळ्या भावकीला बोलणी. आणि मोबदला काय, तर एवढासा तुकडा, त्यात सोळा हिस्सेदार, आणि दारोदार भाकरी मागायची." त्यानं हे सांगताना भजीचा कागद चुरगाळून हातातच धरला होता, टाकला नाही. त्यांच्या त्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर अजून भोगवटादार वर्ग २ असं लिहिलेलं आहे, विकायचं म्हटलं तर परवानगी, कागदाला कागद.

ह्या वतनाला १८७४ च्या कायद्यानं इंग्रजांनी पक्कं करून ठेवलं होतं. ते मोडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल मांडलं. ते तेव्हा पास झालं नाही. शेवटी कनिष्ठ वतनं गेली ती १९५९ च्या ऑगस्टपासनं, म्हंजे बाबासाहेब जाऊन तीन वर्षं होत आली होती. हे बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत शिकलेले, ७ नोव्हेंबर १९०० ला तिथं त्यांचं नाव घातलं, आपण तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. आणि ह्याच माणसानं १४ ऑगस्ट १९३१ ला मुंबईत मणिभवनात गांधीजींना तोंडावर सांगितलं की मला मायभूमीच नाही. जिथं आम्हाला प्यायला पाणी मिळत नाही, कुत्र्या-मांजरापेक्षा वाईट वागवतात, त्या भूमीला मी माझी कशी म्हणू, असा त्यांचा सवाल होता.

म्हंजे बघा, एका माणसाच्या एकाच आयुष्यात, वतन होतं पण ते नको होतं, आणि मायभूमी हवी होती पण ती नव्हती. हिंदी डिक्शनरीत दोन्हीचा अर्थ एकच लिहिलाय. माझा दोस्त त्या दिवशी जे बोलला ते मी हसण्यावारी नेलं असतं तर मला हे कधी कळलंच नसतं. नंतर मी घरी येऊन माझ्या भावाला फोन केला, तो अजून सेलमलाच आहे, त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला आपल्या पण सातबाऱ्यावर बघ एकदा काय काय लिहिलंय, आपलीपण जुनी पाटीलकी होती म्हणतात. बघितलं नाही अजून.

म्हणून साहेब, माय, देश, भूमी हे शब्द हेडिंगमध्ये जागा भरायला वापरायचे नाहीत असं माझं म्हणणं आहे. कुणी आपल्या तोंडानं म्हटलं की हा माझा मायदेश, तर त्याचा हक्क आहे. कुणी म्हटलं मला नाही, तर त्याचापण आहे. पण दुसऱ्याच्या वतीनं पेपरानं ठरवून टाकायचं की ह्याचा मायदेश तिकडं लांब आहे, तिकडं गाडी जाते, हे बरोबर नाही. रोज सकाळी झेडपीच्या शाळेत आमची पोरं हात पुढं करून म्हणतात भारत माझा देश आहे, सारे भारतीय माझे बांधव आहेत, आणि ती प्रतिज्ञा मुळात एका तेलुगू माणसानं तेलुगूत लिहिलेली आहे. ती म्हणून झाल्यावर पोरगं घरी येऊन तुमचं हेडिंग वाचणार आणि मला विचारणार, आजोबा गोरखपूर कुठल्या देशात आहे?

तो परप्रांतीय शब्द पण जरा बघा. प्रांत जाऊन किती वर्षं झाली. आता प्रांत म्हटलं की आम्हाला प्रांत ऑफिसच आठवतं, तिथं दाखल्यासाठी मारलेले हेलपाटे आठवतात. पर म्हणायचंच असेल तर परगावचे म्हणा ना, मीपण कित्येक वर्षं परगावचाच होतो. आणि हेडिंगला जागा कमी असते हे मला समजतं, म्हणून मोजून बघितलं, ‘मजूर निघाले गावी’ हे तुमच्या हेडिंगच्या जवळपास निम्म्यात बसतं. शाईपण वाचेल.

अजून एक, आमची मुलगी सेलमला जन्मली, तिथल्या शाळेत गेली. तिला तिकडं विचारायचे सोंद ऊर, ती सांगायची विटा. आता लग्न होऊन इस्लामपूरला आहे, तिथं सासरी कुणी विचारलं गाव कुठलं तर ती पटकन सेलम म्हणते आणि मग जीभ चावते. फॉर्मवर जन्मस्थान सेलम, मूळ गाव विटा, राहणार इस्लामपूर. तिला विचारलं ह्यातलं माहेर कुठलं तर म्हणते, जिथं आईच्या हातचं सांबार मिळतं ते. आता बोला.

आमचा फरशीवाला छठ करून परत यायला निघालाय. परवा त्याचा फोन आला, मागं गाडीचा आणि पोरांचा आवाज, म्हणाला, "सेठ, गाव आ रहा हूँ, सोमवार को काम चालू." हा गाव म्हंजे विटा बरं का. आमच्याकडं सगळे बाजारात जाताना "गावात जाऊन येतो" म्हणतात ते ऐकून ऐकून त्यानं उचललंय. बाथरूमची फरशी अजून राहिलीय, तेवढी झाली की सुटलो.

कळावे, लोभ असावा.

तुमचा जुना वाचक,
विटा, जि. सांगली